योरोएरु हितो आणि सन्नद्ध : कवचाच्या अमूर्तीकरणाचा एक विचार

१

हागिवारा हिदेओ (१९१३–२००७) या जपानी चित्रकाराने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काष्ठठशांची एक माला निर्माण केली. तिचे नाव ‘योरोएरु हितो’. मराठीत त्याचा स्थूल अर्थ ‘कवच ल्यालेला माणूस’ असा होईल. या मालेतील चित्रे पाहणारास पहिली अडचण येते ती अशी, की त्यांत माणूस ओळखता येत नाही. मुखवटा नाही, डोळे नाहीत, उगारलेले खड्ग नाही. रंगांचे एकावर एक चढलेले पदर, खरबरीत पोत आणि उभ्या, जड आकृती एवढेच समोर असते. मग ‘कवच’ कोठे आहे आणि ‘माणूस’ कोठे आहे?

अशा चित्रांविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे शीर्षक ही केवळ खूण असून तिचा चित्राशी संबंध नाही. दुसऱ्या मताप्रमाणे चित्रात शिरस्त्राण कोणते, खांद्यावरील पट्टी कोणती, हे शोधून काढणे म्हणजेच चित्र समजणे होय. दोन्ही मते अपुरी आहेत. अमूर्तीकरण म्हणजे वस्तू पुसून टाकणे नव्हे. वस्तूच्या अनेक संबंधांपैकी एक संबंध राखून बाकीचे सोडून देणे, ही ती क्रिया होय. भाषा ही क्रिया नित्य करीत असते आणि कवचाच्या बाबतीत मराठीने ती केलेली आहे. त्यामुळे या जपानी मालेचा विचार करताना मराठी अभ्यासकास दूर जावे लागत नाही. महाड व पोलादपूर हे दोन तालुके आणि त्यांच्या भोवतीचा इतिहास यांत पुरेशी सामग्री आहे.

२

प्रथम मूळ परंपरेचा थोडा परिचय आवश्यक आहे. जपानी लाकूडठशांत योद्ध्यांच्या चित्रांचा ‘मुशा-ए’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार होता. उतागावा कुनियोशी (१७९८–१८६१) हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार. १८२७ च्या सुमारास सुरू झालेल्या त्याच्या वीरमालेने त्यास लोकप्रियता मिळवून दिली. या जुन्या पद्धतीत काम चौघांत वाटलेले असे. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या फळी कोरी, छापणारा रंग उठवी आणि प्रकाशक हे सारे जमवून आणी. विसाव्या शतकाच्या आरंभी या विभागणीविरुद्ध एक चळवळ उभी राहिली. स्वतः रेखाटावे, स्वतः कोरावे, स्वतः छापावे, असा तिचा आग्रह होता. यामामोतो कानाए याने १९०४ मध्ये छापलेले कोळ्याचे चित्र हा या ‘सोसाकु हांगा’ चळवळीचा प्रारंभ मानतात. तिच्यातीलच ओंची कोशिरो (१८९१–१९५५) याने १९१५ मध्ये पूर्णतः अमूर्त असा ठसा छापला.

जपानी कवचाची घडणही ध्यानात घ्यावयास हवी. मध्ययुगीन ‘योरोई’ हे एका अखंड पत्र्याचे नसे. लोखंडाची किंवा कातड्याची ‘कोझाने’ नावाची लहान लहान खवली लाखरोगणाने माखून त्यांच्या ओळी करीत आणि त्या ओळी रेशमी अथवा कातडी दोऱ्यांनी एकमेकींस बांधीत. या बांधणीस ‘ओदोशी’ म्हणत. कवचाचे नाव पुष्कळदा या दोऱ्यांच्या रंगावरून वा जातीवरून पडे. म्हणजे पाहणाराच्या दृष्टीने कवचाची ओळख धातूत नसून बांधणीत असे. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

हागिवारांचा जन्म यामानाशी प्रांतातील कोफू या गावी झाला. ताकेदा शिंगेन (१५२१–१५७३) या सेनानीची राजधानी याच परिसरात होती. तोक्यो येथील कलाशाळेत तैलचित्रणाचे शिक्षण घेऊन ते १९३८ मध्ये बाहेर पडले. युद्धकाळात त्यांना सैन्यात जावे लागले. पुढे १९५० नंतरच्या दशकात क्षयाच्या दीर्घ आजारपणात ते लाकूडठशाकडे वळले. त्यांच्या कार्यपद्धतीचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. सामान्यतः ठसा कागदाच्या एकाच अंगास उठवितात. हागिवारा कागदाच्या मागील अंगासही रंग छापीत. जपानी हातकागद चिवट व शोषक असल्यामुळे तो रंग तंतूंतून झिरपून पुढील अंगास दिसू लागे आणि त्यावर पुढून दुसरे रंग चढत. अशा चित्रात जो रंग डोळ्यास दिसतो त्याच्या खाली, कागदाच्या आत, दुसरा रंग असतो. तो दिसतो, पण पृष्ठावर नसतो.

३

आता शीर्षकाकडे वळावयाचे. ‘योरोएरु हितो’ यातील ‘हितो’ म्हणजे माणूस. ‘योरोएरु’ हे रूप आजच्या बोलण्यातील नाही. ‘योरोई ओ किता हितो’ म्हणजे ‘कवच घातलेला माणूस’ असे सरळ म्हणता आले असते. तसे न म्हणता अभिजात भाषेतील ‘योरोफु’ या क्रियापदास ‘रि’ हा सहायक प्रत्यय जोडून साधलेले विशेषणरूप येथे योजिले आहे. हा प्रत्यय क्रिया होऊन गेल्यानंतर तिचा परिणाम टिकून राहिल्याचे दर्शवितो. मराठीतील ‘-लेला’ याचे कार्य जवळपास हेच आहे. ‘बसला’ यात घटना आहे, ‘बसलेला’ यात घटनेतून उरलेली अवस्था आहे. म्हणून शीर्षकात कवच घालण्याची कृती नाही व कवच ही वस्तूही नाही. त्यात फक्त ती अवस्था सांगितली आहे.

‘योरोई’ हे नाम या ‘योरोफु’ क्रियापदापासूनच निघालेले आहे. आधी क्रिया, मग तिच्यावरून वस्तूचे नाव, असा हा क्रम. मराठीस तो अपरिचित नाही. ‘लेणे’ म्हणजे अंगावर धारण करणे हे क्रियापद, आणि जे धारण करावयाचे तो दागिना म्हणजेही ‘लेणे’. ‘कवच ल्यालेला’ हे भाषांतर ‘कवच घातलेला’ याहून अधिक जवळचे वाटते ते यामुळे. मराठीत वस्त्रधारणेची क्रियापदे वस्तूनुसार बदलतात. धोतर नेसावयाचे, अंगरखा घालावयाचा, शेला पांघरावयाचा, फेटा बांधावयाचा. चिलखत मात्र चढवावयाचे. ‘लेणे’ या क्रियापदात धारण करणारा आणि धारण केलेली वस्तू यांचे ऐक्य अधिक सूचित होते.

आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहाच्या अगदी आरंभीच्या एका कवितेत ‘योरोफु’ हे क्रियापद जोडरूपात येते, आणि तेथे ते योद्ध्यास लागू नसून एका पर्वतास लागू आहे. त्याच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद असले तरी ‘सर्वांगांनी परिपूर्ण, सिद्ध असलेला’ असा अर्थ सामान्यतः घेतात. म्हणजे ज्या शब्दातून पुढे लोखंडी खवल्यांच्या वस्तूस नाव मिळाले, त्याच शब्दाच्या एका जुन्या वापरात खवलेही नाहीत आणि वीरही नाही. तेथे केवळ सज्जतेचा भाव आहे.

४

संस्कृत–मराठीतील ‘सन्नद्ध’ या शब्दाचा प्रवास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. ‘नह्’ म्हणजे बांधणे. ‘सम्’ या उपसर्गासह त्याचा अर्थ अंगाभोवती घट्ट बांधणे असा होतो आणि त्यावरून ‘संनाह’ म्हणजे कवच. ‘संनद्ध’ म्हणजे ज्याने कवच बांधले आहे तो. याच धातूपासून ‘उपानह्’ हा शब्द आला आणि त्यापासून मराठीतील ‘वहाण’ आली. पायात बांधलेली वहाण आणि अंगावर बांधलेले कवच ही शब्दकुळाच्या दृष्टीने भावंडे होत.

आजच्या मराठीत ‘शासन सन्नद्ध आहे’ किंवा ‘संस्था कटिबद्ध आहे’ अशी वाक्ये रोज वाचावयास मिळतात. त्यात कोणासही गाठ दिसत नाही, कंबर दिसत नाही. कवच गळून पडले आहे; बांधलेपणाची अवस्था तेवढी तयारीच्या अर्थाने उरली आहे. हे अमूर्तीकरण इतके पूर्ण झाले आहे की ते अमूर्तीकरण आहे याची जाणीवही राहिलेली नाही. हागिवारांच्या चित्रासमोर ‘यात कवच कोठे आहे’ असे विचारणारा वाचक ‘सन्नद्ध’ या शब्दात कवच कोठे आहे असे विचारीत नाही. वस्तुतः प्रश्न एकच आहे.

मराठीत या वस्तूसाठी जी नित्याची नावे रूढ झाली ती बहुतांशी फारसीतून आली. ‘बख्तर’ हा शब्द उघडच तिकडचा आहे. ‘चिलखत’ यातील पूर्वपद फारसीतील ‘चाळीस’ या संख्यावाचक शब्दाशी जोडले जाते आणि अनेक पदरी भरीव अंगरखा हा त्याचा मूळ अर्थ समजला जातो. ‘जिरेटोप’ यातील ‘जिरे’ याचा स्वयंपाकघरातील जिऱ्याशी काही संबंध नाही. फारसी ‘झिरिह’ म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी. टोपाच्या मागे व बाजूंस लोंबणाऱ्या अशा जाळीमुळे त्या टोपास हे नाव मिळाले. वस्तूंची नावे फारसी आणि अवस्थेचे नाव संस्कृत, अशी ही वाटणी आहे. वस्तू वापरातून गेल्या तशी त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत व ‘चिलखती गाडी’सारख्या प्रयोगांत राहिली, अवस्थेचे नाव मात्र रोजच्या व्यवहारात शिल्लक राहिले.

५

या शब्दांना महाड–पोलादपूरच्या परिसरात विशेष वजन आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले असता प्रतापगड लागतो. गड आज सातारा जिल्ह्यात असला तरी जावळीच्या खोऱ्याचा आणि सावित्रीकाठच्या या प्रदेशाचा इतिहास एकच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज व अफजलखान यांची भेट झाली. तिच्या सर्व कथनांत कवच हा कथेचा कणा आहे. त्यातील निर्णायक गोष्ट ही, की कवच वस्त्राखाली होते. कुनियोशीच्या योद्ध्याचे कवच सर्वांनी पाहावे यासाठी असते. येथे कवच कोणी पाहू नये यावर सारे अवलंबून आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० नंतरच्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत या प्रसंगी महाराजांच्या अंगात ‘जरीची कुडती’ होती असा उल्लेख येतो. खानाचे शस्त्र त्या कुडतीवरून खरडत गेले आणि अंगास लागले नाही, असे तेथे सांगितले आहे. भाषाभ्यासकाने येथे थांबावे. ‘जर’ म्हणजे सोने. त्यावरून ‘जरी’ म्हणजे सोनेरी तार. पण भरजरी वस्त्रावरून पोलादी पाते खरडत जाणे कठीण. ‘झिरिह’ आणि ‘जरी’ हे उच्चारात एकमेकांजवळ आहेत. तेव्हा कुडती कड्यांची होती आणि शब्द ‘जिरे’चा होता, असा एक अर्थ लागतो, किंवा वरून जर व आत जाळी होती, असा दुसरा. कोणताही अर्थ घेतला तरी वस्त्राखाली दडलेले कवच येथे शब्दाच्या खालीही दडलेले आहे. वाचकास ‘जरी’ दिसते. तिच्या मागून ‘जिरे’ झिरपते. कागदाच्या मागील अंगास छापून पुढे दिसू लागणारा रंग आणि हा शब्द यांच्या रचनेतील साम्य डोळ्यांआड करता येत नाही.

हाच प्रसंग कवींद्र परमानंदांनी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात वर्णिला आहे. परमानंदांची समाधी पोलादपूर येथे आहे. ज्या गावाच्या नावातच फारसीतून आलेले ‘पोलाद’ ऐकू येते, तेथे फारसी नावांच्या शस्त्रास्त्रांचे युद्ध संस्कृतात सांगणारा कवी विसावला आहे. संस्कृतात लिहिणाऱ्या कवीपुढे कवच, वर्म, कंचुक असे जुने शब्द होते, ‘चिलखत’ नव्हते. समकालीन वस्तू अशा शब्दांत ठेवली की ती काहीशी अमूर्त होतेच. कड्यांची जाळी की भरीव अंगरखा हा भेद मागे पडतो आणि रक्षणाचा भाव पुढे येतो.

समकालीन लघुचित्रांत शिवाजी महाराज सामान्यतः जामा, कंबरेचा पटका आणि मंदिल अशा वेषात दिसतात, चिलखतात दिसत नाहीत. म्हणजे मराठी परंपरेत कवचाचे मुख्य स्थान चित्रात नसून शब्दात आहे. जपानी परंपरेने शतकानुशतके कवच चित्रिले आणि अखेर ते अमूर्त केले; मराठीने ते बहुधा सांगितले, आणि सांगतानाच अमूर्त केले.

६

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांचे म्हणून प्रसिद्ध असून तेथे त्यांचे स्मारक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडावरील लढाईत तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली, असे सभासद सांगतो. ‘हाताची ढाल करणे’ येथे अक्षरशः घडते. वस्तू नाहीशी होते, तिचे कार्य शरीराकडे येते आणि त्याचे मोल शरीर देते. हागिवारांच्या जन्मप्रांतात ताकेदा घराण्याचे एक वंशपरंपरागत कवच जतन केलेले आहे. त्याचे नाव ‘ताते-नाशी’, म्हणजे ‘ढालीविना’. हे कवच इतके भक्कम की ढालीची गरजच नाही, असा त्या नावाचा आशय. दोन्हीकडे ढालीचा अभाव आहे. एकीकडे तो कवचाचा गौरव आहे, दुसरीकडे उघड्या हाताचा. अभाव ही खूण एकच असली तरी तिचा अर्थ तिच्याभोवतीच्या संबंधांवरून ठरतो.

महाड तालुक्यातील शिवथरघळ समर्थ रामदासांच्या दासबोध-रचनेशी परंपरेने जोडली गेली आहे. रामोपासनेच्या या परंपरेत कवचाचे आणखी एक रूप आढळते. मराठी घरांत पाठ केली जाणारी रामरक्षा ही कवचस्तोत्रांच्या जातीची आहे. मस्तक, कपाळ, डोळे, कान असे एकेक अंग क्रमाने घेऊन त्याचे रक्षण ईश्वराच्या एकेका नावाकडे सोपविले जाते. अंगांवर ओळीने नावे बसवीत जाण्याची ही रीत खवल्यांच्या ओळी बांधीत जाण्यासारखी आहे. येथे लोखंड नाही, वस्त्रही नाही. रचना मात्र कवचाचीच आहे. अमूर्त कवच ही कल्पना ज्या समाजात दिवेलागणीला पाठ म्हटली जाते, त्यास अमूर्त चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

७

येथवर अमूर्तीकरणाने काय राखले याचा विचार झाला. काय सोडले याचाही केला पाहिजे. ‘सन्नद्ध’ या शब्दातून कवच गेले त्याबरोबर ते बांधणारा देहही गेला. म्हणूनच हा शब्द आज कोणत्याही घोषणेत सहज बसतो. त्यास वजन उरलेले नाही, घाम उरलेला नाही. तानाजींच्या हाताच्या कथेत जे मोल दिसते ते या शब्दात दिसत नाही. अमूर्तीकरणाचा हा धोका खरा आहे आणि तो भाषेत अधिक आहे, कारण भाषेत तो नकळत घडतो.

‘योरोएरु हितो’ या मालेचे महत्त्व येथे कळते. चित्रात चेहरा नाही, परंतु शीर्षकात ‘हितो’, माणूस, कायम आहे. जे डोळ्यास मिळत नाही ते शब्द मागतो. पाहणारा रंगांच्या पदरांत माणूस शोधीत राहतो आणि तो शोध हाच चित्राचा अर्थ होऊन बसतो. १९४५ च्या पराभवानंतर दोन दशकांच्या आत, स्वतः सैनिक राहिलेल्या चित्रकाराने योद्धा रंगविताना वीराची मुद्रा वगळावी आणि कवचात दडलेल्या माणसाविषयीचा प्रश्न तेवढा ठेवावा, ही गोष्ट अर्थशून्य मानता येत नाही. चित्रकाराचा हेतू काहीही असो, शीर्षक आणि चित्र यांच्यामधील ताण या प्रश्नाकडेच नेतो.

महाड तालुक्यात ‘फौजी आंबवडे’ नावाचे गाव आहे. घराघरांतून सैन्यात माणसे देणारे गाव म्हणून त्याची ख्याती, आणि तीच त्याच्या नावात गोठली आहे. ‘फौजी’ हे विशेषण गावास लागले, तेव्हा तेही एक अमूर्तीकरणच झाले. अनेक पिढ्यांतील अनेक माणसांचे जाणे आणि काहींचे न परतणे त्या एका शब्दात सामावले आहे. नकाशावर तो शब्द वाचणारास एवढेच कळते की हे गाव दुसऱ्या एखाद्या आंबवड्याहून निराळे आहे. तेथे राहणारास तो शब्द माणसांच्या नावांसह ऐकू येतो.

अभ्यासकाचे काम या दोन वाचनांच्या मधले आहे. शिवकालीन कवचांच्या शब्दांची यादी करून प्रत्येकापुढे वस्तूचे वर्णन लिहिणे हे आवश्यक काम आहे, आणि ते बरेचसे झालेले आहे. त्या वस्तूंच्या नावांतून जे संबंध सुटून भाषेत पसरले – बांधणे, दडविणे, सोपविणे, स्वतःच ढाल होणे – त्यांचा मागोवा अद्याप पुष्कळ घ्यावयाचा आहे. त्यासाठी बखरी, पोवाडे, स्तोत्रे आणि ग्रामनामे एकत्र वाचावी लागतील. आणि ‘सन्नद्ध’ असा शब्द समोर आला की गाठ कोणी बांधली व ती कोणाच्या अंगावर पडली, हे विचारावे लागेल.